पेनड्राईव्ह तपासणारं सॉफ्टवेअर नीट चालतंय, पण त्याची स्क्रीन लोकांना कळत नाहीये

पेठेतला_प्रोग्रॅमर
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, पण नीट सांगितल्याशिवाय कळायचा नाही म्हणून सगळं लिहितोय.

मी आणि माझा एक मित्र मिळून दोन वर्षांपासून विंडोजसाठी एक छोटं सिक्युरिटी टूल बनवतोय. फुकट आहे, आणि ते मुख्यतः अप्पा बळवंत चौक, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागातल्या झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांसाठी आहे, कारण तिथे दिवसभर अनोळखी लोकांचे पेनड्राईव्ह लागत असतात आणि शॉर्टकट व्हायरस अजून इथून हटलेला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा व्हायरस पेनड्राईव्हमधले खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट तिथे ठेवतो, त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते आणि पाठोपाठ खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. आमचं टूल ते शॉर्टकट काढतं, लपलेल्या फायली परत दिसायला लावतं, आणि संशयास्पद फाईल क्वारंटाईनमधे टाकतं, म्हणजे न पुसता वेगळी काढून बंद ठेवतं. शिवाय कामाचं फोल्डर लॉक करायची सोय आहे, अनोळखी प्रोग्रॅमला तिथे लिहू देत नाही.

पकडायचं काम चांगलं होतंय. अडचण स्क्रीनची आहे.

परवा नारायण पेठेतल्या एका डीटीपी करणाऱ्या काकांकडे दुपारभर बसून राहिलो, नुसतं बघत. एक मुलगी लग्नपत्रिकेची फाईल घेऊन आली, पेनड्राईव्ह लावला, आणि आमची लाल खिडकी उघडली. त्यात लिहिलंय "१ धोका आढळला. ऑब्जेक्ट क्वारंटाईन करण्यात आला. कृपया कारवाई निवडा." आणि खाली तीन बटणं, दुर्लक्ष करा, पुनर्संचयित करा, निष्कासित करा. काकांनी दोन सेकंद बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "गेली का हिची फाईल?" फाईल कुठेही गेली नव्हती हो. नकली शॉर्टकट निघाला होता आणि खरी फाईल शेजारी दिसत होती. पण काकांनी पेनड्राईव्ह काढला आणि मागच्या मशिनला लावला, जिथे त्यांनी आमचं टूल बंद करून ठेवलंय, म्हणजे ज्या मशिनवर काहीच संरक्षण नाही त्यावरच व्हायरसवाला पेनड्राईव्ह गेला. हे बघून मला फार वाईट वाटलं.

नंतर त्यांनी विचारलं की क्वारंटाईन म्हणजे चौदा दिवसांनी फाईल परत येते का. २०२० मधे आपण सगळ्यांनी हा शब्द ज्या अर्थाने ऐकला तोच त्यांच्या डोक्यात. आमच्याकडे ३० दिवसांनी ती फाईल कायमची पुसली जाते, म्हणजे अर्थ बरोब्बर उलटा.

तर प्रश्न असा, शब्द मराठी ठेवू का इंग्रजी? लाल रंग बदलू का? मुख्य स्क्रीनवर १४ बटणं आहेत ती कमी करू का? कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये.

मेधा_बाणेर
रविवार, रात्री ११.२५

तुम्ही दुकानात बसून बघितलंत हे सगळ्यात मोठं काम केलंत, बरेच जण तेवढं करतच नाहीत. मी इंटरफेस डिझाईनमधे काम करते, बारा वर्षं झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मराठी का इंग्रजी हा पुढचा प्रश्न आहे. तुमची खिडकी व्हायरसबद्दल बोलते आणि काकांना काळजी फाईलची आहे, खरी गडबड ही आहे. त्यांना व्हायरसचं नाव, त्याचा प्रकार, काही नकोय. त्यांचा पहिला प्रश्न काय होता ते तुम्हीच लिहिलंय, गेली का फाईल. मग पहिली ओळ त्याच प्रश्नाचं उत्तर असायला हवी. मी असं लिहीन: "तुमच्या २३ फायली सुरक्षित आहेत. या पेनड्राईव्हमधे व्हायरस होता, तो काढला." संपलं. आणि बटण एकच, "फायली उघडा".

आता बघा, तुम्ही तीन बटणं दिलीत, पण त्या क्षणी काकांनी ठरवण्यासारखं काही होतं का? नकली शॉर्टकट काढायचाच होता, तुमच्या टूलला तो शंभर टक्के ओळखता येतो, मग विचारायचं कशाला? जिथे टूलला खात्री आहे तिथे त्यानेच काम करावं आणि झाल्यावर सांगावं. जिथे खरंच खात्री नाही, एखादी अनोळखी प्रोग्रॅम फाईल वगैरे, तिथेच विचारावं. प्रत्येक वेळी विचारलं की माणूस वाचणं सोडतो. विंडोज विस्टामधे २००७ साली हेच झालं होतं, परवानगी मागणाऱ्या खिडक्या इतक्या यायच्या की लोक न वाचता हो म्हणायचे नाहीतर ती सोयच बंद करून टाकायचे, शेवटी २००९ मधे विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टला त्या कमी कराव्या लागल्या.

बटणांवर "हो/नाही" किंवा "दुर्लक्ष करा" असलं काही नको, दाबल्यावर काय होणार ते लिहा. "पुनर्संचयित" आणि "निष्कासित" हे तर मलाही दोनदा वाचावं लागलं. "फाईल परत आणा", "कायमची पुसा", आपण बोलतो तसं.

अजून एक, चित्रांवर फार विसंबू नका. तुमच्याकडे ढालीचं चित्र असेलच, सगळ्यांकडे असतं. क्रोममधलं पत्त्याशेजारचं कुलूप आठवतंय ना? गूगलने २०२१ मधे अभ्यास केला तेव्हा त्या कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना बरोबर सांगता आला, बऱ्याच जणांना वाटायचं कुलूप आहे म्हणजे साईट विश्वासाची, आणि त्याचा अर्थ होता फक्त मधलं कनेक्शन सुरक्षित आहे एवढाच. सप्टेंबर २०२३ मधे त्यांनी ते कुलूप काढूनच टाकलं. इतकी वर्षं रोज डोळ्यासमोर असलेल्या चित्राची ही गत, तर तुमच्या हिरव्या ढालीचा काकांनी काय अर्थ लावलाय ते एकदा विचाराच.

पत्रिकावाला
सोमवार, सकाळी ९.१०

मी स्वतः डीटीपी करतो, वीस वर्षं झाली, वर लिहिलेत ते काका मी नाही पण माझ्याकडे सुद्धा हेच टूल आहे म्हणून लिहितोय. मेधाताईंचं बरोबर आहे पण एक गोष्ट तुम्हा दोघांच्या लक्षात आलेली दिसत नाही, आमच्या दुकानात स्क्रीन एकटा मी बघत नाही, गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडून वाकून बघत असतं, त्याला त्याच्या फाईलमधलं आडनाव बरोबर आहे का ते बघायचं असतं, आणि अशा वेळी एवढी मोठी लाल खिडकी आली, त्यात धोका धोका लिहिलेलं, की गिऱ्हाईक म्हणतं तुमच्या कॉम्प्युटरमुळे माझ्या पेनड्राईव्हमधे व्हायरस आला. त्याला समजावत बसायला वेळ नसतो, लग्नाच्या सीझनला मागे पाच जण उभे असतात. म्हणून लोक टूल बंद करतात. व्हायरस आम्हाला नको असतो हो, पण गिऱ्हाईकासमोर खालीही बघायला लागायला नको.

तुमची खिडकी उघडते तेव्हा आवाजही होतो. तो काढा.

दुसरं म्हणजे मी कोरलमधे, म्हणजे पत्रिका बनवायच्या सॉफ्टवेअरमधे, टाईप करत असतो, आणि मधेच तुमची खिडकी वर येते, माझं बोट एंटरवर असतंच, एंटर दाबलं जातं आणि काहीतरी निवडलं जातं, काय निवडलं ते मला कधीच कळलेलं नाही. मागच्या महिन्यात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या अंकाची फाईल अशी गायब झाली, पेनड्राईव्हवरून पानं थेट उघडून काम करत होतो, तुमच्या क्वारंटाईनमधे गेली असणार, ती शोधायला मला दीड तास लागला, सापडली पण नाव बदलून भलतंच आकड्यांचं झालेलं. ती माझी पुसली गेली असती तर शाळेला काय सांगितलं असतं? रागावून लिहीत नाहीये, टूल चांगलं आहे म्हणूनच ठेवलंय, पण हे करा.

आणि माझं मशीन विंडोज ७ चं आहे, कोरल जुनं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर जुना म्हणून बदलता येत नाही, त्यावर तुमची मराठी अक्षरं खालून कापली जातात.

पेठेतला_प्रोग्रॅमर
सोमवार, सकाळी ९.४५

काका, एंटरचं तुम्ही सांगितलंत ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आत्ता कोड बघितला, आपोआप निवडलेलं बटण "निष्कासित करा" हेच आहे. म्हणजे टाईप करता करता एंटर लागलं तर फाईल थेट पुसली जाते. तुमची वाचली ती त्या वेळी दुसरं बटण निवडलं गेलं म्हणून. मनापासून माफी मागतो, आज रात्रीच बदलतो.

भोसरीकर_अ‍ॅडमिन
सोमवार, दुपारी १.३०

मी भोसरीत एका कारखान्याची साठेक मशीनं सांभाळतो. वरचं सगळं पटतंय, पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. सोपं करायच्या नादात माहिती काढून टाकू नका. काकांना व्हायरसचं नाव नको असेल, पण काकांनी मला फोन केला तर मला ते लागतं, फाईल नेमकी कुठे होती, किती वाजता पकडली, कोणत्या प्रोग्रॅमने ती लिहिली. म्हणून वर मेधाताईंनी लिहिलं तसं साधं वाक्य, आणि खाली "तपशील" असं बारीक बटण, ते उघडलं की सगळं. आणि त्यात "कॉपी करा" द्या. लोक मला मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवतात, अर्धा फोटो ट्यूबलाईटच्या उजेडाचा असतो, त्यातून फाईलचा मार्ग वाचायचा म्हणजे डोळे फुटतात.

फोल्डर लॉकबद्दल कोणी बोललं नाही, माझ्या मते ते सगळ्यात नाजूक आहे. विंडोज १० मधे २०१७ च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने अशीच सोय दिली, त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, येऊन गेला होता, त्यामुळे मी ती उत्साहाने चालू केली. आठ दिवसांत तक्रारी सुरू, फाईल सेव्ह होत नाही म्हणून. कारण लॉकने प्रोग्रॅमला अडवलं की तो प्रोग्रॅम स्वतःचाच काहीतरी एरर दाखवतो, फाईल सापडत नाही वगैरे, आणि अडवल्याची सूचना कोपऱ्यात येऊन निघूनही जाते. माणसाला या दोन गोष्टींचा संबंध लागतच नाही. तो म्हणतो अकाउंटचं सॉफ्टवेअर बिघडलं. तुमच्या टूलने अडवलं असेल तर ते तुमच्याच टूलने स्पष्ट सांगायला हवं, आणि ती सूचना माणूस बघेपर्यंत हलता कामा नये: "कामाच्या फोल्डरमधे अमुक प्रोग्रॅम लिहायला बघत होता, त्याला थांबवलंय. हा प्रोग्रॅम तुम्हीच आत्ता चालू केलात का?" या प्रश्नाचं उत्तर काका देऊ शकतात. "या अ‍ॅप्लिकेशनवर विश्वास ठेवायचा का" याचं उत्तर काका देऊ शकत नाहीत, मीही देऊ शकत नाही.

आणि "नेहमी परवानगी द्या" हे त्याच खिडकीत ठेवू नका, घाईत तेच दाबलं जातं. तिथे फक्त "या वेळी चालू द्या". कायमची परवानगी सेटिंगमधे जाऊन द्यावी.

टेस्टिंगसाठी खरा व्हायरस वापरत असाल तर बंद करा. आयकारची टेस्ट फाईल घ्या, ६८ बाइटची आहे, निरुपद्रवी आहे, आणि सगळी अँटीव्हायरस ती मुद्दाम पकडतात. ती पेनड्राईव्हवर टाकून वेगवेगळ्या दुकानांत खिडकी कशी दिसते ते बघता येईल, कोणाचं नुकसान नाही.

मात्रा_वेलांटी
सोमवार, रात्री ८.०५

पत्रिकावाले काका म्हणतात ते अक्षरं कापली जाण्याचं कारण मला माहीत आहे, मी मराठी सॉफ्टवेअरची अक्षरजुळणी बघते. तुम्ही बहुतेक निर्मला फाँट धरून खिडकी आखली आहे, तो विंडोज ८ पासून येतो. विंडोज ७ वर तो नाही, मग मशीन मंगल वापरतं, त्याची उंची वेगळी, आणि इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने ओळीला जागा ठेवलेली असली की खाली उकार आणि वर रफार, वेलांटी कापली जाते. "पुसा" मधला उकार कापला गेला तर तो "पसा" दिसतो, बटणावर हे फार वाईट. ओळीची उंची ठराविक पिक्सेलमधे बांधू नका, मजकुराप्रमाणे वाढू द्या, आणि मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा एक-दोन पॉइंट मोठं ठेवा. दुकानातले मॉनिटर जुने आणि लांब ठेवलेले असतात.

रंगाबद्दल सांगायचं तर लालवर पांढरं चालेल का ते डोळ्याने ठरवू नका, अक्षर आणि मागचा रंग यातला फरक निदान ४.५ ला १ असावा असं वेबसाठीच्या मान्य नियमांत आहे, तो मोजायची साधनं फुकट मिळतात. आणि लाल-हिरवा एवढ्यावरच अर्थ ठेवू नका, काहींना तो फरक दिसत नाही, शब्द हवेतच.

फाईलचं नाव कसं दाखवता हे मात्र नक्की बघा. आपल्याकडे नावं लांब असतात, "देशपांडे_जोशी_शुभविवाह_पत्रिका_फायनल_नवीन_३" असं, आणि खिडकीत जागा नसली की शेवट कापला जातो. नेमका शेवटच महत्त्वाचा आहे. नावात पीडीएफ लिहिलेलं आणि शेवटी ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची खूण, ही जुनी फसवणूक आहे, त्यातून विंडोज ओळखीच्या प्रकारांचा शेवट मुळातच लपवतं. तेव्हा नाव मधून कापा, शेवट पूर्ण ठेवा, आणि शेजारी शब्दात लिहा "हा प्रोग्रॅम आहे, पत्रिका नाही". हे वाक्य वाचल्यावर कोणीही थांबेल.

मेधा_बाणेर
सोमवार, रात्री ९.३०

वरचं शेवटचं वाक्य फार आवडलं. यावरून आठवलं, २००८ च्या अखेरीस कॉनफिकर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, आला, तो पेनड्राईव्हवरूनही पसरायचा. पेनड्राईव्ह लावल्यावर विंडोजची जी यादी यायची त्यात तो स्वतःची एक ओळ घालायचा, पिवळ्या फोल्डरचं चित्र आणि शब्द "फायली बघण्यासाठी फोल्डर उघडा". खाली खरी ओळ, तेच चित्र, तेच शब्द. फरक एवढाच की नकली ओळ "प्रोग्रॅम चालवा" या मथळ्याखाली होती. कोण वाचतं मथळा? लोकांनी वरचं दाबलं. त्यात लोकांची काय चूक, दोन गोष्टी सारख्या दिसत होत्या. म्हणून तुम्ही "हा प्रोग्रॅम आहे" हे मथळ्यात नाही तर त्या फाईलच्या अगदी अंगाला चिकटून लिहा.

कोथरूड_आजी
मंगळवार, सकाळी ७.२०

मी ६८ वर्षांची आहे, कॉम्प्युटर घरीच वापरते, बँकेचं काम आणि नातवाशी बोलणं. मागे माझ्या स्क्रीनवर एकदम लाल पान आलं, मोठा आवाज, तुमचा कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. मी फोन उचललाही होता, शेजारच्या मुलीने थांबवलं. तेव्हापासून लाल खिडकी आली की माझे हातपाय गार पडतात, ती खरी का खोटी मला सांगता येत नाही. म्हणून विनंती आहे की तुमची खिडकी त्या खोट्यांसारखी दिसू देऊ नका. आणि त्यात फोन नंबर कधीच नको, द्यायचाच असला तर सरकारचा १९३० द्या, पैसे गेले तर तिथेच कळवायचं असतं ना.

पेठेतला_प्रोग्रॅमर
पुढचा रविवार, रात्री ११.००

मंडळी, आठवडाभर बसून बदल केले, आणि शनिवारी आयकारची फाईल आणि आम्ही तयार केलेले खोटे शॉर्टकट घेऊन चार दुकानांत गेलो. जे बघितलं ते सांगतो.

लाल गेलं. आता खिडकी पांढरी, कोपऱ्यात छोटी, आवाज नाही, आणि दुसऱ्या प्रोग्रॅममधलं टायपिंग ती खेचून घेत नाही. आपोआप निवडलेलं बटणच नाही, एंटर दाबून काहीही होत नाही, माऊसनेच दाबावं लागतं. आजी, फोन नंबर एकही नाही, मदतीच्या पानावर फक्त १९३० आहे, तुम्ही म्हणालात त्या कारणासाठी.

पहिल्याच काकांकडे परत गेलो. पेनड्राईव्ह लावला. "तुमच्या ११ फायली सुरक्षित आहेत. या पेनड्राईव्हमधे व्हायरस होता, तो काढला." काकांनी वाचलं, काही न बोलता "फायली उघडा" दाबलं आणि कामाला लागले. माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिथे अजून अर्धा तास बसलो, तीन पेनड्राईव्ह आले, तिन्ही वेळा तसंच. जाताना म्हणालो मागच्या मशिनवर चालू करू का, तर म्हणाले कर.

सगळं जमलं असं नाही. क्वारंटाईनच्या जागी "बाजूला ठेवली" लिहिलं होतं, तर दोन दुकानांत लगेच विचारलं, बाजूला म्हणजे कुठे? बरोबर आहे, जागा सांगायला हवी. आता "बाजूला ठेवलेल्या फायली" असं एक बटण मुख्य स्क्रीनवर आहे, तिथे मूळ नावानेच दिसतात, आकड्यांनी नाही, आणि प्रत्येकीसमोर लिहिलंय "२६ दिवसांनी पुसली जाईल" असं, रोज आकडा कमी होतो. पुसायच्या तीन दिवस आधी एकदा विचारतो. १४ बटणांची चार झाली, बाकीची सेटिंगमधे गेली, आणि खरं सांगायचं तर गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

फोल्डर लॉकवर मात्र अडलोय. भोसरीकर, तुमचा प्रश्न जसाच्या तसा टाकला, "हा प्रोग्रॅम तुम्हीच आत्ता चालू केलात का?" एका दुकानात कामाला असलेल्या मुलाने "हो" दाबलं. का विचारलं तर म्हणाला, नाही म्हटलं तर मालक म्हणतील तू काहीतरी केलंस. याच्यावर काय लिहावं सुचेना.

पत्रिकावाला
पुढचा रविवार, रात्री ११.३५

त्या मुलाचं बरोबर आहे, माझ्याकडचा पोरगाही तेच करेल. त्या खिडकीत तिसरं बटण द्या, "मालकांना विचारतो", ते दाबलं की प्रोग्रॅम तसाच अडकून राहू दे, आणि मी जेवून आलो की मला दिसू दे. पोरावर काही येत नाही आणि माझी फाईलही वाचते. आणि हो, विंडोज ७ वर आता उकार पूर्ण दिसतात, आज दुपारी बघितलं.